दादाचं माप घ्यायचं राहिलं

शहराच्या वाद्यवृंदातले लोक त्यांना पाठीमागे ‘मापबाई’ म्हणायचे, आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. रागवायच्या कशाला? त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात लोकांनी त्यांना बरीच नावं ठेवली होती, त्यांतलं हे एकच काय ते खरं होतं.

बाई संगीत रचायच्या. म्हणजे व्हायोलिन, बासरी, चेलो, क्लॅरिनेट असल्या वाद्यांसाठी कागदावर नव्या रचना लिहायच्या आणि संगीत शाळेत पोरापोरींना तसं लिहायला शिकवायच्या. आता असं माणूस म्हटलं की विस्कटलेले केस आणि खिडकीबाहेर हरवलेली नजर डोळ्यांपुढे येते. बाईंचं तसलं काही नाही. केस घट्ट बांधलेले, पर्समध्ये शिंप्याची टेप आणि गळ्यात खेळाच्या सरांसारखं स्टॉपवॉच. कुणासाठी काही लिहायचं ठरलं की बाई आधी त्याच्या घरी जाऊन थडकायच्या. पियानोवाला असेल तर त्याचा पंजा टेपने मोजायच्या, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. बासरीवाली असेल तर तिच्या हातात वर्तमानपत्र देऊन म्हणायच्या, “वाच. मोठ्याने. मध्ये श्वास घ्यायचा नाही.” आणि दम संपेपर्यंत किती सेकंद झाले ते वहीत टिपायच्या. एका चेलोवाल्याला त्यांनी तीन जिने पळत चढायला लावले होते. का, तर हात थरथरत असताना त्याचा गज कसा चालतो ते बघायचं होतं. एवढ्या छळानंतर जी रचना यायची ती मात्र त्या माणसाला अशी चपखल बसायची, की तो म्हणायचा, अरेच्चा, हे तर मला आधीपासून येत होतं!

शाळा दुसऱ्या मजल्यावर आणि खाली दातांचा दवाखाना. डॉक्टरांचं मशीन सुरू झालं की बाई शिकवणं थांबवून विचारायच्या, “हा कोणता सूर? लिहा पटकन, पेशंट ओरडायच्या आत.” पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांनी एक ओळही रचायची नाही, नुसती मापं घेत हिंडायचं, असा त्यांचा दंडक. पोरं कुरकुरायची. बाई ऐकायच्या नाहीत.

“लोक स्वतःचं माप खोटं सांगतात,” त्या म्हणायच्या. “झाडून सगळे. कमरेचं कमी सांगतात आणि श्वासाचं जास्त. म्हणून विचारायचं नाही, मोजायचं.”

लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर सांगायच्या, “मोजलं. भरलं नाही.” आणि वर खो खो हसायच्या.

घरचं माणूस म्हणजे एक दादा आणि त्याची बायको. दादा सात वर्षांनी मोठा. वाद्यवृंदात चौतीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होता, आणि चौतीस वर्षं दुसराच. क्लॅरिनेटच्या खुर्च्या दोन. पहिल्या खुर्चीवरच्याने धून वाजवायची, लोकांनी टाळ्या त्याला द्यायच्या. दुसऱ्याने खालचे सूर सांभाळायचे. पहिली खुर्ची या काळात दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा बाहेरून कुणीतरी येऊन बसलं. बाईंचा संताप संताप व्हायचा. दादा म्हणायचा, “जाऊ दे गं. मला इथून पंखा जवळ पडतो.”

बाईंना सूर म्हणजे काय हे कळलं ते दादामुळेच. पाच वर्षांची असताना तो सरावाला बसला की ही त्याच्या पायाशी. त्याचा तो लांबच लांब, न तुटणारा खालचा सूर ऐकत राहायची आणि आपणही तेवढा वेळ श्वास धरायला जायची. मग तोंड लाल व्हायचं आणि आई दोघांनाही रागवायची.

तर या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. दादा साठीचा झाला, म्हणजे निवृत्त होणार. आणि हंगामाच्या शेवटच्या कार्यक्रमासाठी वाद्यवृंदाने बाईंकडे तेरा मिनिटांची नवी रचना मागितली. इतकी वर्षं बाईंच्या रचना वाजायच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये, पंचवीस माणसांपुढे, त्यात एक शिपाई. आता नऊशे खुर्च्यांचं सभागृह! पत्र वाचून बाई जिन्यातच बसल्या. दाताच्या दवाखान्यातली मुलगी पाणी घेऊन धावत आली. तिला वाटलं, दाढ.

काय लिहायचं ते बाईंनी त्या जिन्यातच ठरवलं. रचनेच्या मध्यावर सगळी वाद्यं हळूहळू गप्प होतील आणि दुसरा क्लॅरिनेट एकटा वाजेल. एक लांब ओळ, सव्वीस सेकंदांची, एका श्वासात. हळूहळू चढणारी, मध्यावर एका सुरावर थांबणारी, पुन्हा चढून शेवटच्या सुरावर लांबवर टिकणारी. चौतीस वर्षांत दादाला एकट्याची अशी एकही ओळ मिळाली नव्हती. जाता जाता एक मिळेल, आणि ती बहिणीच्या हातची.

पुढचे चार महिने बाई घरोघर हिंडल्या. अडतीस वादकांपैकी सदतीस जणांची मापं वहीत आली. ढोल वाजवणाऱ्याचंसुद्धा. अडतिसाव्याचं घ्यायची गरज काय? तो तर दादा. जन्मापासून ऐकतेय.

सराव व्हायचा तो जुन्या गोदामात. पत्र्याचं छप्पर, घडीच्या लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि त्याच्याभोवती कायम चार माणसं. पहिल्या सरावाला बाई मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सगळं छान चाललं होतं. वाद्यं एकेक करून शांत झाली, दादाने ओळ सुरू केली, आणि बाईंच्या अंगावर काटा आला. तोच सूर. मधाळ, खालचा, न हलणारा. आणि निम्म्यावर, ओळ मधल्या सुरावर पोचल्या पोचल्या, तो तुटला.

“रीड खराब आहे,” दादा हसून म्हणाला. क्लॅरिनेटच्या तोंडाशी ती वेताची पातळ पट्टी असते ना, ती त्याने बदलली. पुन्हा तुटला, तिथेच. तिसऱ्यांदा तिथेच. दोन दिवसांनी पुन्हा सराव, पुन्हा नवी रीड, पुन्हा तेच. आता कुणी कुणाकडे बघेना. सगळे आपापल्या कागदात डोकं घालून बसले.

वाद्यवृंदाचे संचालक कधी आवाज चढवायचे नाहीत, आणि त्यामुळेच लोक त्यांना टरकून असायचे. त्यांनी बाईंना थर्मासपाशी गाठलं. “रविवारी कार्यक्रम आहे. शुक्रवारपर्यंत बघू. नाही जमलं तर ती ओळ पहिलीला देऊ या. तिला सहज जमेल.”

पहिली म्हणजे पहिल्या खुर्चीवरची मुलगी, तिशीची, वाद्य हातात घेतलं की वारं. जमलं असतं तिला. दादाला निवृत्तीची भेट द्यायला गेले आणि भर चौकात त्याचा कान पकडला, असं झालं होतं. निरोपाच्या दिवशी त्याच्या हातातली ओळ काढून शेजारणीला द्यायची, आणि त्याने बाजूला बसून ऐकायची!

बाई तडक दादाच्या घरी गेल्या. दादा नव्हता. वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या.

“कुठे गेलाय?”

“खाली गाडीत,” वहिनी म्हणाल्या. “काचा वर करून सराव करतोय. तुमचा कागद हातात आल्यापासून, दोन महिने झाले. मला कळू नये म्हणून. म्हणतो, पेट्रोल भरून येतो. रोज पेट्रोल भरतात का कुणी, वन्सं?”

“पण झालंय काय त्याला?”

वहिनींनी हातातलं ताट खाली ठेवलं. “असं काय करताय? दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हा सोळा दिवस त्याच्या उशाशी कोण बसलं होतं? तुम्हीच ना? डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं की उजवं फुप्फुस पहिल्यासारखं भरणार नाही. दुसऱ्या खुर्चीचं काम निभतं, थोडं थोडं वाजवायचं असतं. तुम्ही त्याला हे एवढं लांबलचक लिहून दिलंत, आणि तो बापडा नाही म्हणेना. बहिणीने लिहिलंय म्हणे.”

खरंच की. बाईच बसल्या होत्या उशाशी. संत्री सोलून देत होत्या. डॉक्टर बोलले ते कानांनी ऐकलं, मान डोलावली, आणि लिहायला बसल्यावर त्या कानांत पुन्हा पंचवीस वर्षांचा दादा वाजायला लागला. जगाला सांगत सुटायचं, विचारू नका, मोजा, आणि सख्ख्या भावाच्या बाबतीत ना विचारलं ना मोजलं. एखाद्या पोराने वर्गात असं केलं असतं तर बाईंनी त्याला खिडकीतून खाली दवाखान्यात पाठवलं असतं.

दादा वर आला तो घामाघूम. हातात वाद्याची पेटी.

“मिळालं पेट्रोल?” बाईंनी विचारलं.

“गप गं.”

“दादा, चूक माझी आहे. तुझं माप न घेताच शिवलं. मी ओळ छोटी करते. आज रात्रीत करते.”

“खबरदार!” दादा एकदम ओरडला. तो कधी ओरडायचा नाही. “चौतीस वर्षांनी एक ओळ आली माझ्या वाट्याला, ती पण तू कापून देणार? काय, म्हातारा झालो म्हणून पँटचे पाय आखूड करून देणार? वाजवीन तर आहे तशी. नाहीतर तिला दे.”

“मग निदान मोजू तरी दे!”

बरीच तणातणी झाली. शेवटी वहिनींनीच टेबलावरचा पेपर उचलून नवऱ्याच्या हातात कोंबला. दादाने मुद्दाम प्रेशर कुकरची जाहिरात निवडली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला. झाकण, शिट्टी, पाच वर्षांची हमी, आणि हमीच्या अटींवर दम संपला. बाईंनी घड्याळ बघितलं. तेरा सेकंद. लिहिले होते सव्वीस.

“भरलं का?” दादाने धापा टाकत विचारलं.

“बरोब्बर निम्मं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आणि रडू एकदम आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली स्वतःच शाळेत आली. वर्ग सुटला होता, बाई रिकाम्या फळ्यापुढे बसून नुसता खडू कुरतडत होत्या.

“मला ती ओळ नको,” तिने आल्या आल्या सांगून टाकलं. “संचालकांना मी सांगितलंय. त्या ओळीला मी हात लावणार नाही.”

“अगं, तुझ्यावर काही राग नाही आमचा.”

“राग कशाला असेल? बाई, तुम्हाला दुसरा क्लॅरिनेट काय करतो ते माहीत आहे?”

आता आली का पंचाईत! तीस वर्षं रचना शिकवणाऱ्या बाईला ही पोर विचारत होती. “खालचे सूर सांभाळतो,” बाई जरा फणकाऱ्यानेच म्हणाल्या.

“ते कागदावर. आठ वर्षं मी त्यांच्या शेजारी बसतेय. लांब सुरावर माझा श्वास संपत आला की ते माझ्या आधीच तिथे येऊन थांबलेले असतात. माझाच सूर, माझ्याच आवाजात, मी श्वास घेईपर्यंत धरून ठेवतात. मी परत आले की निघून जातात. पहिल्या वर्षी मला वाटायचं मीच फार भारी वाजवते! लोक म्हणायचे, काय दम आहे मुलीचा. तो दम त्यांचा होता. आणि हे एकट्या माझ्यासाठी नाही. ओबोवाल्याला विचारा. हॉर्नवाल्या काकांचे दात गेले तेव्हाचा अख्खा हंगाम विचारा.”

“मला कधीच कसं ऐकू आलं नाही?” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“ऐकू आलं असतं तर ते काम बिघडलं असतं ना.”

शहरात सगळ्यांत तिखट कान म्हणून मिरवायचं, आणि सख्खा भाऊ चौतीस वर्षं काय वाजवतोय हेच ठाऊक नाही! मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते क्षणभरच. मग त्यांनी खडू फेकला आणि पेन्सिल उचलली. मधल्या थांब्यापाशी, जिथे दादाचा श्वास संपत होता तिथे, त्यांनी पहिलीच्या कागदावर एक सूर लिहिला. दादाचाच सूर. तिने तो हळूच उचलायचा, दोन मात्रा धरायचा, दादाने श्वास घेऊन परत यायचं. त्यानंतर पहिलीला त्यांनी वरच्या पट्टीत एक नवी जलद धून दिली, ती तिकडे उडून जाणार आणि खाली दादाची ओळ चालू राहणार. दादाच्या ओळीतला एकही सूर कापायचा नाही.

शुक्रवारच्या सरावाला दादाने कागद बघितला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. “म्हणजे कुबडी.”

बाई बोलणार एवढ्यात पहिली बोलली. “मी आठ वर्षं तुमच्या कुबडीवर चालतेय, काका. मला तर कधी लाज वाटली नाही.”

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “वाजवा,” तो म्हणाला. “लिहिलंय ते वाजवायचं, आपण कोण बोलणारे.” आणि जमलं. पहिल्याच खेपेला जमलं. संचालकांनी सुद्धा एक बोट वर करून ‘छान’ असं दाखवलं. त्यांच्याकडून हे म्हणजे फारच झालं.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता सभागृह भरलं. बाई सातव्या रांगेत, शेजारी वहिनी. बाईंचे विद्यार्थी वर गॅलरीत. रचना सुरू झाली. बाईंना पहिली सहा मिनिटं काही म्हणता काही ऐकू आलं नाही. मग वाद्यं एकेक करून थांबली आणि दादा उरला.

काय वाजवलं त्याने! घाई नाही, भीती नाही. ओळ चढत गेली, मधल्या सुराशी आली, पहिलीने तो अलगद उचलला. सभागृहात कुणाला पत्ताही लागला नाही. दादाने श्वास घेतला, परत आला, पहिली वर निघून गेली. वहिनींनी बाईंचा हात दाबला. झालं, आता फक्त शेवटचा लांब सूर. आठ सेकंद. श्वास होता तेवढा.

पण श्वासात रडू मिसळेल हे कुणी मोजलं होतं? दादा त्या शेवटच्या सुरावर पोचला आणि त्याला रडू आलं. बाईंना आवाजातच कळलं. सूर पातळ झाला, हलला, आता जाणार. पहिली तर वरच्या पट्टीत, तिला खाली यायला वाट नाही. बाईंनी डोळे मिटले. सूर तुटला तर सरळ उठून मंचावर जायचं आणि लोकांना सांगायचं की चूक माझी, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

सूर तुटला नाही.

बाईंनी कान टवकारले. क्लॅरिनेट नव्हता तो. हॉर्न होता, अगदी दबका. त्याच्याखाली व्हायोला. मग ओबो. तोच सूर, तेवढाच हळू. हे बाईंनी लिहिलं नव्हतं. लिहिल्याशिवाय कुणी एक सूर वाजवला तर बाई त्याला वर्षभर सुनवायच्या, आणि आता चांगले तीन जण न विचारता वाजवत होते, आणि बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खालून पुन्हा क्लॅरिनेट आला, भरलेला, गोल. बाकीचे निघून गेले. दादाने सूर पुरे आठ सेकंद, वर आणखी एक सेकंद धरला आणि अलगद खाली ठेवला.

रचना संपली तेव्हा टाळ्या किती वेळ वाजल्या ते विचारू नका. संचालकांनी दादाला तीनदा उभं केलं. तिसऱ्यांदा तो उठेचना.

कार्यक्रम संपल्यावर बाई आणि वहिनी मागच्या खोलीत पोचल्या तेव्हा वादक वाद्यं पुसत, पेट्या लावत होते आणि दादा मध्ये उभा राहून ओरडत होता.

“कुणी वाजवला माझा सूर? काय, समजता काय स्वतःला? कागदात नसलेलं वाजवता? हात वर करा!”

हॉर्नवाल्या काकांनी हात वर केला. व्हायोलावाल्या बाईंनी केला आणि म्हणाल्या, “मी शुक्रवारपासूनच तयार होते.” ओबोवाल्याने केला. मग मागून दुसऱ्या बासरीने. “मी वाजवणार होते, पण ह्यांनी आधी घेतला.” मग दोन चेलो. मग दादाच्या डोक्यामागे पितळी भोंगा फुंकणारा ट्रॉम्बोनवाला, ज्याच्या नुसत्या नावाने दादाला धडकी भरायची. एकेक करता निम्म्या खोलीचे हात वर गेले. सगळ्यांत शेवटी ढोलवाल्याने हात वर केला.

“तुझ्याकडे कुठे आला सूर?” दादाने विचारलं.

“नाहीच. मी नुसता श्वास धरून बसलो होतो.”

दादाने सगळ्या हातांवरून नजर फिरवली. “एवढे सगळे?” तो म्हणाला. “अरे, मग मी वाजवलं तरी कधी?”

सगळे हसले. दादाही हसायला गेला, आणि ते काही त्याला साधलं नाही. तो तिथल्याच खुर्चीवर बसला आणि रुमालात तोंड घालून मनसोक्त रडला. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बाईंनी त्याच्या हातातला क्लॅरिनेट हळूच काढून घेतला, नाहीतर पडला असता.